कोठाराची किल्ली : 'भांडवलशाही' या शब्दाच्या निमित्ताने

अर्थव्यवस्थांचे बारसे करताना मराठी भाषेने थोडा पंक्तिप्रपंच केलेला दिसतो. समाजवाद, साम्यवाद, गांधीवाद असे आपण म्हणतो. हे सगळे 'वाद', म्हणजे विचार. ते मांडावेत, तपासावेत, पटले नाहीत तर खोडून काढावेत. भांडवलाची गोष्ट निघाली की मात्र 'वाद' मागे पडतो आणि 'शाही' पुढे येते. हिंदीत 'पूंजीवाद' आहे, आपल्याकडे 'भांडवलशाही'. निजामशाही, सरंजामशाही, नोकरशाही यांच्या रांगेत आपण तिला नेऊन बसविले आहे. लोकशाहीही त्याच रांगेत बसते, हे खरे. पण तेथेही प्रश्न राज्य कोणाचे हाच असतो. 'वाद' म्हटले की माणूस काय मानतो ते कळते, 'शाही' म्हटले की हुकूम कोणाचा चालतो ते कळते.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात तरुण मंडळी या विषयावर तावातावाने बोलताना आम्ही ऐकतो, तेव्हा पुष्कळदा असे जाणवते की दोन्ही बाजू एकच शब्द वापरीत आहेत आणि दोन निराळ्या गोष्टींविषयी भांडत आहेत. एकाला भांडवलशाही म्हणजे उद्योगधंदा करण्याची मोकळीक अभिप्रेत असते. दुसऱ्याला ती म्हणजे कंत्राटदाराची हुकमत, जी त्याला सहा महिन्यांनी घरी पाठविते. दोघांचेही अनुभव खरे आहेत. पण अर्थ ठरल्याशिवाय झालेला वाद म्हणजे दोन आंधळ्यांनी दिशा विचारण्यासारखे. या प्रश्नाचा विचार कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या मातीवर उभे राहून करावा, असे आम्ही योजिले आहे. या डोंगरपायथ्याने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत सावकार पाहिला, मोठी कंपनी पाहिली, क्रांतिकारक पाहिला, कुळकायदा पाहिला आणि आता फार्महाऊसही पाहिले.

प्रथम 'भांडवल' म्हणजे काय ते पाहू. कर्जतकडच्या भातशेतकऱ्याचे भांडवल म्हणजे बैलजोडी, नांगर, बियाण्याची कणगी आणि आषाढ-श्रावणात घरात खायला असलेले भात. शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची. लावणीच्या दिवसांत ज्याच्या घरी दाणा नाही, त्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागते. तेथे त्याला 'दिढी'ने धान्य मिळे : आता एक मण घ्यावे, सुगीला दीड मण परत करावे. चार-पाच महिन्यांत मुद्दलाच्या निम्मे व्याज. एखादे वर्ष पाऊस फिरला की बाकी पुढच्या वर्षावर चढे, आणि चारदोन वर्षांत बैल, मग शेत, मग घरातला एखादा मुलगा गडी म्हणून सावकाराकडे जाई. कुलाबा जिल्ह्याच्या दक्षिणेकडे खोत होते. कर्जत-खालापूरकडे खोत नसला तरी सावकार होताच.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ही व्यवस्था भांडवलशाही नव्हती. तेथे खुला बाजार नव्हता, स्पर्धा नव्हती, कारखाना तर नव्हताच. होती ती जुनी सरंजामी लूट. जगातील प्रत्येक पाप भांडवलशाहीच्या खात्यावर मांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. लोभाचे वय वाफेच्या यंत्रापेक्षा फार मोठे आहे. आपली ख्रिस्तसभा व्याजबट्ट्याविरुद्ध कारखान्यांच्या कितीतरी शतके आधीपासून बोलत आली. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४५ साली या विषयावर परिपत्रक काढून उसनवारीवर उकळलेले व्याज आणि धंद्यात पैसा गुंतवून मिळविलेला रास्त नफा यांतील भेद सांगितला. तो भेद कर्जतच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागला नसता.

खरे भांडवल, म्हणजे कंपनीचे, शेअरचे, यंत्राचे भांडवल, या भागात आले ते घाटावरून, पाण्याच्या रूपाने. जमशेटजी टाटांनी पाहिलेले स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर (१९०४) पुढे गेले. १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली, १९११ साली लोणावळ्याजवळ वळवण धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज धावू लागली. घाटमाथ्यावर अडविलेले पावसाचे पाणी नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खाली सोडायचे आणि त्या वेगावर चक्रे फिरवायची, अशी ही योजना. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. या कामांत मुख्यतः हिंदी लोकांचा पैसा होता. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या मुंबईला स्वच्छ शक्ती मिळाली. एवढेच नव्हे, तर वीज करून झाल्यावर सुटणाऱ्या पाण्याने पाताळगंगा आणि उल्हास उन्हाळ्यातही वाहत्या राहिल्या. भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालवा निघाला आणि त्या कालव्यावर कर्जतच्या शिवारात पावसाळी भाताच्या जोडीला उन्हाळी भात पिकू लागले. भांडवल म्हणजे केवळ शोषण असे म्हणणाऱ्याने एप्रिल महिन्यात राजनाल्याच्या काठाने एकदा चालत जावे.

पण याच कथेचा दुसरा अध्याय मुळशीत आहे. टाटांच्या तिसऱ्या योजनेसाठी मुळशी खोऱ्यातील मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. शेतकऱ्यांनी नकार दिला. १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, स्त्रियाही तुरुंगात गेल्या. १९२४ च्या सुमारास लढा मोडला, धरण झाले आणि १९२७ पासून भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. बाजाराचा नियम असा की विकणाऱ्याची इच्छा असेल तर सौदा होतो, नसेल तर होत नाही. मुळशीचा मावळा विकायला तयार नव्हता. तेव्हा सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला आणि जमीन खाजगी कंपनीला मिळवून दिली. हा मुक्त बाजार नव्हे. ही 'शाही' होय. भांडवल आणि भांडवलशाही यांतील सीमारेषा आम्हांस मुळशीत जितकी ठसठशीत दिसते तितकी कोणत्याही ग्रंथात दिसली नाही. खोपोलीची चक्रे आणि मुळशीचा हुकूम एकाच उद्योगसमूहाच्या इतिहासात शेजारी शेजारी आहेत, आणि म्हणूनच सरसकट होकार किंवा सरसकट नकार देणे कठीण आहे.

आता माथेरानच्या एका वकिलाकडे वळू. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना सारा जिल्हा भाई कोतवाल म्हणून ओळखतो, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. वकिलीपर्यंत शिकून ते परत आले आणि माथेरानच्या पायथ्याच्या गावांत काम करू लागले. शाळा काढल्या. आणि महायुद्धाच्या महागाईच्या दिवसांत शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारे उभी केली. कल्पना अगदी साधी होती : सुगीच्या दिवसांत प्रत्येकाने थोडे धान्य कोठारात घालायचे, पावसाळ्यात ज्याला नड असेल त्याने तेथून न्यायचे, सुगीला परत भरायचे. सावकाराकडे होते तेच धान्य, तीच नड, तीच परतफेड. बदलले ते एकच. कोठाराची किल्ली सावकाराच्या कनवटीची निघून गावाच्या हाती आली.

आम्हांला वाटते, पर्यायाची संपूर्ण चर्चा या एका किल्लीभोवती फिरते. कोतवालांनी भांडवल नष्ट केले नाही, उलट निर्माण केले; त्या कोठारातले भात हे भांडवलच होते. त्यांनी काढून घेतली ती त्याची हुकमत.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९४२ च्या आंदोलनात कोतवालांनी आझाद दस्ता उभा केला. दस्त्याने डोंगरातले विजेचे मनोरे पाडले, कारण त्या तारांवर मुंबईचे कारखाने आणि इंग्रजांचा युद्धप्रयत्न चालत होता. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि त्यांचे साथी हिराजी पाटील हुतात्मे झाले. वयाची एकतीस वर्षेही त्यांनी पुरी केली नव्हती. साधनांच्या शुद्धतेविषयी आमचे काही मतभेद असू शकतात आणि ते येथे लपवीत नाही. परंतु मनोरे पाडणारे हात आणि कोठारे बांधणारे हात एकाच माणसाचे होते, हे विसरून चालणार नाही. स्मारके पहिल्या कामाची झाली. दुसऱ्या कामाचा अभ्यास व्हावा तितका झाला नाही.

ज्या वर्षी कोतवाल गेले, त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की धान्याचा तुटवडा हे त्याचे मुख्य कारण नव्हते. भाव मजुराच्या हाताबाहेर गेले होते. धान्य कोठारात होते, किल्ली व्यापाऱ्याच्या आणि युद्धात गुंतलेल्या सरकारच्या हाती होती. 'बाजार सर्व काही पाहून घेईल' असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. मात्र त्याच्या दहा वर्षे आधी, १९३२-३३ साली, युक्रेनमध्येही लक्षावधी माणसे उपाशी मेली, आणि तेथे ना सावकार होता ना व्यापारी. सामुदायिक शेतीच्या नावाखाली सरकारने दाणा न् दाणा उचलून नेला होता. सावकाराच्या हातची किल्ली काढून सरकारच्या हाती दिली म्हणजे पर्याय झाला, असे मानणाऱ्यांना हे उत्तर.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्या आपल्या घरांना ही दुसरी गोष्ट नवी वाटू नये. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठविले आणि दुष्काळात मिसर देश वाचविला, हे आपण मुलांना सांगतो. सत्तेचाळिसावा अध्याय मात्र सहसा सांगत नाही. लोकांनी त्या धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, मग जमिनी दिल्या आणि शेवटी स्वतःला फारोच्या दास्यात दिले. प्राण वाचले, स्वातंत्र्य गेले. याजकांच्या जमिनी तेवढ्या वाचल्या, असेही तेथे नमूद आहे. आम्ही धर्मगुरूंनी ते वाक्य वरचेवर वाचावे. उलट, लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातील पन्नासाव्या वर्षाचा नियम पाहा : विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते, कारण भूमी परमेश्वराची आहे. तेथे खाजगी मालमत्ता आहे, खरेदी-विक्रीही आहे, पण कोणाचेही उतरणे कायमचे नाही. आदिख्रिस्ती लोक साम्यवादी होते असे सांगण्याचा एक प्रघात आहे. ते सर्व काही वाटून घेत हे खरे. पण प्रेषितांच्या कृत्यांत हनन्याला पेत्र बजावतो की विकण्यापूर्वी जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच स्वाधीन होता. त्याचा अपराध लबाडीचा होता. वाटून घेणे सक्तीचे नव्हते.

या वाटेवरूनच ख्रिस्तसभेची आधुनिक सामाजिक शिकवण चालत आलेली आहे. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढले. त्यात खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य केला, पण कामगाराच्या कुटुंबाचे पोट भरेल एवढी मजुरी, संघटनेचा अधिकार आणि रविवारची विश्रांती यांचाही आग्रह धरला. (आपल्या मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १० जून १८९० रोजी, म्हणजे परिपत्रकाच्या वर्षभर आधीच मिळवून दिली होती. हे श्रेय त्या सत्यशोधकाचे आहे आणि आपण ते आनंदाने द्यावे.) मालमत्ता हा हक्क असेल तर ती जास्तीत जास्त लोकांकडे असावी, हे पोप लिओंचे म्हणणे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी सांगितले की भांडवल आणि श्रम यांची भागीदारी मुळात पाप नाही, श्रमिकाची प्रतिष्ठा पायदळी तुडविली जाते तेव्हा ते पाप होते. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमाला भांडवलाच्या वरचे स्थान दिले.

आणि १९९१ साली, सोव्हिएत व्यवस्था डोळ्यांदेखत कोसळत असताना, त्याच पोपनी नेमका आमचा प्रश्न विचारला : आता सर्वांनी भांडवलशाहीच पत्करावी काय? त्या वेळी आम्ही सेमिनरीत होतो. उत्तर 'होय' की 'नाही' यावर वर्गात दोन तट पडले होते. उत्तर असे होते की आधी शब्दाचा अर्थ सांगा. उद्योग, बाजार, मालमत्ता आणि मानवी कर्तृत्व यांना वाव देणारी व्यवस्था असा अर्थ असेल तर होय, पण मग तिला मुक्त अर्थव्यवस्था म्हणणे बरे. ज्या स्वातंत्र्याला कायद्याची आणि नीतीची चौकट नाही, ते स्वातंत्र्य असा अर्थ असेल तर नाही. मराठीत सांगायचे तर भांडवलाला होय, शाहीला नाही. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव धारण केले आणि तसे करताना १८९१ च्या परिपत्रकाची आठवण काढली.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली संप पुकारला आणि १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. लाकूडफाटा विकून पोटे भरली. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत त्या मागणीसाठी चालून आले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. ही चळवळ लाल बावट्याखाली वाढली, तिच्या कार्यकर्त्यांच्या ओठांवर मार्क्सचे नाव होते. परंतु तिने प्रत्यक्षात काय घडविले? मालमत्ता नष्ट केली नाही, मालक वाढविले. लिओ तेराव्यांनी जे लिहिले होते तेच कुलाब्याच्या कुळांनी करून दाखविले, आणि दोघांनाही एकमेकांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

हे मालक आज कोठे आहेत? कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर 'फार्महाऊस प्लॉट' असे फलक पाहावेत. ज्या जमिनीसाठी आजोबांनी उपास काढले ती नातवाने विकली. त्याला दोष देणे सोपे आहे. भातशेतीत काय उरते हे ज्याने पाहिले नाही त्याने तो देऊ नये. पैशातून कोणी घर बांधले, मुलीला परिचारिका केले, कोणी गाडी घेतली आणि पाच वर्षांत तो त्याच फार्महाऊसवर राखणदार झाला. विकत घेणाऱ्यांत मुंबई-वसईकडची आपली कॅथलिक कुटुंबेही आहेत, हेही सांगितले पाहिजे. सौदा खुषीचा होता, कोणी बळजबरी केली नाही. तरीही विकणारा एकटा आणि घेणारा सर्व माहिती बाळगून, अशा सौद्याला समान म्हणता येईल काय, हा प्रश्न उरतो.

यावर सहकार हे उत्तर आपल्या लोकांनी पूर्वी दिलेले आहे. छोटानागपूरमध्ये जेजुइट धर्मगुरू जॉन हॉफमन यांनी १९०९ साली आदिवासींची पतसंस्था काढली. वसईत मोन्सिनियोर पी. जे. मोनीस यांच्या प्रेरणेने १९१८ साली जी पतसंस्था सुरू झाली तिची आज मोठी बँक झाली आहे. स्पेनच्या बास्क प्रांतात होसे मारिया अरिझमेंदियारिएता या धर्मगुरूंच्या शिष्यांनी १९५६ साली मोंड्रागॉन येथे कामगारांच्याच मालकीचा कारखाना काढला. त्या संघातील सर्वांत प्रसिद्ध कारखाना २०१३ साली दिवाळखोरीत निघाला, संघ मात्र टिकला. आपल्याच जिल्ह्यात पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेला २०२१ साली रद्द करावा लागला. 'सहकारी' ही पाटी लावली म्हणजे किल्ली आपोआप सभासदांच्या हाती जात नाही; हिशेब पाहायला सभेला जावे लागते, आणि तेवढाच आपल्याला कंटाळा असतो.

आणि ज्यांच्याकडे विकायलाही काही नाही, त्यांचे काय? ज्याच्या नावावर कुळाचा हक्कच लागला नाही तो कातकरी १९५७ साली मालक झाला नाही. अनेक वाड्यांत त्याच्या झोपडीखालची जमीन आजही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने काहींना आधार मिळाला, पण वाडी खाजगी जमिनीत असेल तर तो कायदा तेथे पोहोचत नाही. वेठबिगारी १९७६ साली कायद्याने बंद झाली. वीटभट्टीची 'उचल' बंद झालेली नाही. काशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने कर्जतच्या आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालविल्या, आणि १९९६-९७ साली केंद्र सरकारनेही आदिवासी गावांसाठी तशी योजना काढली. कोतवालांची कल्पना अशी अर्ध्या शतकाने पुन्हा उगवली.

दिवाळी सरते. ज्या वाडीत धान्य बँक नीट चालते तेथे भात झोडून झाले की बायका पायलीने मोजून आपापला हिस्सा भरायला येतात. मोजणारी त्यांच्यातलीच असते आणि वहीत अंगठे उठतात. त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतली कातकरी कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे टेम्पोत घालून भट्टीवर निघतात. उचल पावसाळ्यातच खाऊन झालेली असते. आठवड्याची खर्ची मालक देईल, आणि ती मे महिन्यात हिशेबातून वजा होईल. हिशेबाची वही मालकाकडे असते.